खेड्यातल्या वाचनालयात आठवी ते दहावीची मुलं मदतीला यावीत म्हणून काय करावं? त्यांच्याकडून सोप्या हस्तकला कोणत्या करून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की वाचनालय नुकतंच तुमच्याकडे आलंय, खोली एकच, हाती पैसा नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं दारावरून सायकल पळवत जातात पण आत येत नाहीत. आली तर त्यांना प्रमाणपत्र द्यावं का, हेही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात असंच 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी प्रतवारीतलं सगळ्यात लहान, वाचनालय अकरा वर्षं सांभाळते आहे, म्हणून लिहिते. आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमचा एक उन्हाळा वाचेल.

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात हस्तकला शिबिर ठेवलं. तालुक्याहून रंगीत कागद, चमकी, फेविकॉल आणलं. पहिल्या दिवशी वीस-बावीस मुलं आली. शुभेच्छापत्रं करायला बसवली, तर नववीतला एक पोरगा कागद उलटासुलटा करून म्हणाला, "काकू, हे तं लहान पोट्ट्यायचं काम हाय. आमी पयलीतच केलं होतं." तिसऱ्या दिवशी दुसरी-तिसरीतली लेकरं तेवढी उरली आणि चमकी फरशीच्या भेगांत दिवाळीपर्यंत चमकत राहिली. मला तेव्हा त्याचा राग आला होता, पण बोलला ते खरंच होतं. या वयाच्या मुलांना रमवायला गेलं की ती निघून जातात.

त्याच पावसाळ्यात छताचं एक टिन सरकलं आणि एका कपाटातली साठ-सत्तर पुस्तकं भिजली. मी एकटीच ओसरीत बाजेवर पानं उघडून पंख्याखाली वाळवत बसले होते. तोच पोरगा सायकल थांबवून म्हणाला, "काकू, एकट्याच करून राह्यल्या काय?" आणि बसला. पानांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, असं संध्याकाळपर्यंत करत होता. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. पुस्तकं खरोखर वाया जात होती आणि त्यांच्या हातांनी ती वाचत होती, एवढंच कारण. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हाच आग्रह धरला होता. वर्धा इथून फार लांब नाही, पण ते शहाणपण माझ्यापर्यंत पोचायला एक वाया गेलेलं शिबिर लागलं.

तेव्हा माझं उत्तर असं, की हस्तकला शोधत बसू नका. तुमच्या वाचनालयात काय मोडलंय, फाटलंय, अडलंय ते बघा. हस्तकला त्यातूनच निघते.

सगळ्यात आधी फाटकी पुस्तकं. इथेही मी एकदा तोंडघशी पडले. पोरं उत्साही, मी चिकटपट्टीचे दोन रोल आणून दिले, आणि त्यांनी चाळीसेक पुस्तकं चिकटपट्टीनं 'दुरुस्त' केली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय व्हायचं ते झालं. पट्टीचा डिंक वितळून कडेनं बाहेर आला, पानं एकमेकांना चिकटली, आणि पुढच्या वर्षी पट्टी सुटून पिवळे डाग तेवढे राहिले. चिकटपट्टी वाचनालयात ठेवूच नका.

खळ करा. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, उरलेलं पाणी उकळून त्यात सोडायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. जुने बांधणीवाले किडीसाठी मोरचूद घालायचे. ते विष आहे, मुलांच्या हातात नको. त्यापेक्षा खळ रोज थोडी करावी. मे महिन्यात ती एका दिवसात आंबते, वासावरून कळतंच. फाटलेल्या जागी पांढऱ्या पतंगी कागदाची पट्टी लावायची, आणि ती कात्रीनं कापायची नाही, ओल्या बोटानं रेघ ओढून हातानं फाडायची. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पानात मिसळून जातात, कापलेली कड मात्र उचलून येते. आधी ब्रशनं खळ अगदी पातळ, मग पट्टी, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा तुकडा, वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. दुसऱ्या दिवशी वीट उचलताना सगळी भोवती जमतात. फाटलेली ओळ पुन्हा वाचता येते हे बघून त्यांचे चेहरे जे होतात त्यासाठी मी हे काम अजून करते.

यानंतर शिवण. एप्रिलमध्ये शाळा संपत आली की प्रत्येक घरात अर्ध्या कोऱ्या वह्या असतात. त्या गोळा करायला सांगा. मधल्या पिना काढल्या की कोरी जोडपानं सुटी होतात. चार जोडपानं एकात एक घातली की सोळा पृष्ठांचा एक जुज. घडीवर तीन भोकं पाडायची, एक मध्ये, एकेक दोन्ही टोकांपासून दोन बोटं आत. दोरा आधी मेणबत्तीवर घासून घ्यायचा. सुई मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मग मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारली की वही झाली. पुठ्ठा विकत आणू नका, लग्नपत्रिका मागा. आमच्याकडे प्रत्येक घरात खुंटीला पत्रिकांची पिशवी लटकलेली असते, कारण गणपतीचं चित्र असल्यानं कुणी फेकत नाही. म्हाताऱ्या बायका गणपतीचा भाग कापून ठेवून घेतात आणि उरलेली पत्रिका देतात. ती आपल्याला पुरते.

शिवणीच्या पहिल्या वर्षी आमच्या पोरांनी अशा शंभरावर वह्या केल्या. जूनच्या शेवटी शाळा उघडल्या (विदर्भात उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिराच उघडतात) तेव्हा पहिलीतल्या लेकरांना त्या दिल्या. पैसे किती लागले? मैदा, दोरा, सुया, टोचे मिळून तीनशेच्या आत.

ज्या मुलांचा कागदात जीव रमत नाही त्यांच्यासाठी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. अरविंद गुप्तांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टाकाऊतून खेळणी करणारे, 2018 साली पद्मश्री मिळालेले. त्यांची काड्यापेटीतल्या काड्यांची आणि या ट्यूबची युक्ती आमच्या वाचनालयात कायमची मुक्कामाला आली आहे. काड्यांचा गूल खरवडून टाकायचा, ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही बाजूंनी काड्या खुपसायच्या. तिसरी काडी हवी तर बाभळीच्या काट्यानं ट्यूबला भोक पाडायचं. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. चौकोनात एक तिरकी काडी घातली की तोही ताठ. हे कळल्यावर एक पोरगी मान वर करून आमच्या टिनाच्या छताला पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्या मोजायला लागली. तिला मी त्याच क्षणी विज्ञानाच्या कपाटाची किल्ली दिली. गुप्तांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एखाद्याच्या फोनवरून उतरवून तालुक्याला छापून आणा.

कपाटं लावायचं कामही द्या, पण आधी विचार करून. मी उत्साहानं ड्यूईचे क्रमांक शिकवले, म्हणजे विषयावरून पुस्तकाला आकडा द्यायची ग्रंथालयांतली पद्धत. मराठी साहित्याचा क्रमांक 891.46. मुलांनी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून पुस्तकांच्या पाठीवर डकवल्या, आणि झालं असं की निम्म्या वाचनालयावर एकच क्रमांक! शेवटी दहावीतल्या एका मुलीनंच तोडगा काढला, क्रमांकाखाली लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि कथा, कविता, कादंबरीला वेगवेगळ्या रंगाची पट्टी. रंगाचा तक्ता तिनंच दारामागे चिकटवला. तो थोडा वाकडा आहे, मी सरळ केला नाही.

लहान मुलांसाठी काही करायचं असेल तर ते मोठ्या मुलांकडून करवा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमची नववीतली पोरं पहिली-दुसरीच्या लेकरांना बसवून गोष्ट वाचतात आणि मग ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी शिकवतात. तुम्हाला येतच असेल: साल सोलून तिच्या खिळ्यांसारख्या काड्या, आतल्या गाभ्याच्या चकत्या म्हणजे चाकं, काड्या गाभ्यात खोचत जायचं. डिंक लागत नाही, कात्री लागत नाही. फक्त सालीची कड पात्यासारखी असते, बोट चिरतं, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनीच करायचं. सोयाबीन आल्यापासून आमच्या शिवारात ज्वारी कमी झाली, धांडे शोधावे लागतात. एकदा धांडे आणायला गेलेली पोरं एका आजोबांकडून नांगराच्या प्रत्येक भागाचं नाव लिहून घेऊन आली. तान्ह्या पोळ्याला ज्यांच्याकडे लाकडी नंदी नसतो त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचे बैल करायचे, चाकाला बाटल्यांची झाकणं. इतर भागातल्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं आपापले छोटे बैल सजवून घरोघरी नेतात. मागच्या खेपेला पुठ्ठ्याच्या बैलांची रांग लाकडी बैलांच्या रांगेपेक्षा मोठी होती.

आणि हस्तलिखित. हे जमलं तर बाकी काही नाही केलंत तरी चालेल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसतात, हा आमच्याकडचा मुलींचा गाण्यांचा सण. आमच्या मुलींना दोन-तीन गाणी अर्धीमुर्धी यायची. मी एवढंच काम दिलं: आपापल्या आजीकडून एक गाणं पूर्ण लिहून आणा, आजी म्हणते तसंच, शब्द 'शुद्ध' न करता. पहिल्या आठवड्यात नऊ गाणी आली. मग भांडण लागलं, कारण एकाच गाण्यात एका आजीचा शब्द वेगळा आणि दुसरीचा वेगळा. मी निकाल दिला नाही, दोन्ही छापा म्हटलं. छापा म्हणजे हातानं लिहा. मधल्या कोऱ्या जागी मुलींनी सारवलेल्या भिंतीवर काढतात तसली चित्रं काढली, गेरू कालवून. पुस्तक वर सांगितलेल्या टाक्यानंच शिवलं, जुज जास्त म्हणून पाठीला मांजरपाटाची पट्टी. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ते टेबलावर ठेवलं आणि ज्या बायका कधी वाचनालयाची पायरी चढल्या नव्हत्या त्या आपलं गाणं 'पुस्तकात' आहे का बघायला आल्या. त्यांतल्या चौघींनी वर्गणी भरली. एक आजी वाचता येत नसताना पान उलटत बसली होती, नात बाजूला उभी राहून बोट ठेवून दाखवत होती.

वेळेचं गणित मात्र आपल्या गावाचंच ठेवा. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मोठा करायचा मोह होतो, पण तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि पाठोपाठ कापसाची वेचणी. घरची मोठी पोरं, त्यातही मुली, वावरात असतात. त्या दिवसात आली तर आली, नाही आली तर हजेरी विचारू नका. नोव्हेंबरातल्या ग्रंथालय सप्ताहालाही, 14 ते 20, हीच गत. आमची खरी कामं पोळ्याच्या आसपास आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत होतात. दहावीवाल्यांना डिसेंबरपासून मोकळं सोडा. एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते दहा, त्यानंतर टिनाखाली माणूस बसत नाही. मुलींना दिवेलागणीच्या आत घरी पोचता येईल अशीच वेळ ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात एकेकीच्या घरी स्वतः जाऊन चहा पिऊन या. संमतीपत्रावर सही घ्याच, पण खरी परवानगी त्या चहावर मिळते.

पैशाचं काम, म्हणजे वर्गणी आणि अनामत, मुलांकडे देऊ नका. हिशेब चुकला तर पोर बदनाम होतं, तुम्ही नाही. देवघेवीची नोंद, शिक्का मारणं, वर्षातून एकदा दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) घेऊन साठा पडताळणी, हे ती आपल्यापेक्षा चोख करतात. आमच्या पडताळणीत सात वर्षांपूर्वी 'हरवलेलं' एक पुस्तक माझ्याच घरी निघालं. ते गावभर झालं, असो.

प्रमाणपत्राचं विचारलंत. द्या, पण 'उत्कृष्ट सहभाग' वगैरे नको. कुणी किती पुस्तकं शिवली, कोणतं कपाट लावलं, ते आकड्यासकट हातानं लिहून द्या. आमचा तो शुभेच्छापत्रवाला पोरगा आता तालुक्याला झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानात बसतो. माझ्याकडून पैसे घेत नाही आणि माझी खळ पातळ असते असं दरवेळी ऐकवतो.

सुरुवात करायची तर या रविवारी फाटक्या पुस्तकांचा ढीग आत ठेवू नका, दारात बाजेवर मांडा आणि स्वतः काम करत बसा. आणि टोचे मोजून द्या, मोजून परत घ्या. मी सहा आणले होते, आता चार आहेत.