सुई आणि खाच : वाचकांची प्रश्नोत्तरं

मागच्या अंकात मी एच.एम.व्ही. या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणं करून घेणाऱ्या जी. एन. जोशींवर दोन पानं लिहिली आणि टपाल एकदम वाढलं. कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली आहेत. भांडणाची पुढे घेतली आहेत.

देवगडहून एक वाचक लिहितात : 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीचं कौतुक करताना तुम्ही अर्धा लेख जोशींवर खर्च केलात. संतूर शिवकुमार शर्मांनी वाजवलं, बासरी हरिप्रसाद चौरसियांनी, गिटार ब्रिजभूषण काबरांनी. कंपनीच्या पगारी माणसाला एवढा मान कशाला? लग्न लावणाऱ्या भटजीला कोणी नवरा म्हणत नाही.

भटजीचा दाखला झकास आहे. पण मुहूर्त टळू द्यायचा नाही हे भटजीच बघतो, नवरा-नवरी फोटो काढण्यात दंग असतात.

तुम्हांला माझंच उदाहरण सांगतो. मालवणच्या बाजारात माझं रेडिओ-रेकॉर्डचं दुकान होतं तेव्हा एका बुवांच्या भजनाची कॅसेट काढायची ठरली. स्टुडिओ कुठला असणार! उन्हाळ्याची सुट्टी, शाळेची एक खोली, खिडक्यांना गाद्या बांधलेल्या, दोन माइक. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. आणि बुवांचा नुसता गजर बावीस मिनिटांचा! देवळात रात्री दोन वाजता तो गजर ऐकला की अंगावर काटा यायचा, पण खोलीत बाविसाव्या मिनिटाला सगळे घामाने निथळत होते आणि रूपक, अभंग, गौळण सगळं बाकी होतं. 'बुवा, नऊ मिनिटांत बसवा' हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं.

बुवांनी ऐकलं. पखवाजवाल्याने नाही ऐकलं. तो माइकच्या तोंडाशी बसून असा हाणत होता की बुवांचा शब्द पोहोचेना. त्याला मी सरकवत सरकवत दारापर्यंत नेला, हात हलका ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या मशनीक न्हय, देवाक आयकाक व्हया!" पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. कॅसेट मात्र खपली, आणि गणपतीत घराघरांत वाजली तेव्हा लोक तारीफ करत होते ती त्याच्याच पखवाजाची, कारण एकेक बोल सुटा ऐकू येत होता. हे त्याने कधी कबूल केलं नाही. मीही उकरून काढलं नाही.

आता जोशींकडे या. हा माणूस आधी गवई. ना. घ. देशपांड्यांचं 'रानारानांत गेली बाई शीळ' स्वतः चाल लावून त्यांनीच गायलं आणि मराठी भावगीत तिथून चालू झालं असं मानणारे पुष्कळ आहेत. १९३८ मध्ये ते एच.एम.व्ही.त गेले आणि माइकच्या अलीकडे बसले. गाताना श्वास कुठे अडतो, लाल दिवा लागला की घसा का सुकतो, हे ज्याला स्वतःच्या गळ्यातून ठाऊक आहे त्याने समोरच्याला 'पुन्हा एकदा घेऊ या' म्हणणं वेगळं आणि नुसत्या साहेबाने म्हणणं वेगळं.

आणि १९६७ सालची ती तीन वाद्यं तर बघा. संतुराला तेव्हा पंडित लोक नाकं मुरडत, कारण काडीने तार छेडायची म्हटल्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठून आणणार? काबरांची मांडीवर आडवी ठेवलेली गिटार म्हणजे लोकांच्या लेखी सिनेमातलं वाद्य. बासरीला पन्नालाल घोषांनी मान मिळवून दिला, पण ते १९६० मध्येच गेले. वाजवणारे तिघेही तिशीच्या आसपासचे. अशा तिघांना मिळून एक अख्खी एल.पी., म्हणजे लांब वाजणारी तबकडी, द्यायची, तीही काश्मिरातल्या एका मेंढपाळाच्या दिवसावर! पहिल्या बाजूला अहिर भैरव-नटभैरव आणि पिलू, उलटली की भूप, देस आणि पहाडी. सकाळी सुरू करायचं आणि रात्री संपवायचं. पाचांपैकी एकाही भागात कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. तीन तरुण कलाकार एका खोलीत असताना हे आपोआप घडतं असं तुम्हांला वाटत असेल, तर तुम्ही डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकायला कधी गेला नाहीत.

वाजवण्याचं श्रेय तिघांचंच. त्या तिघांना 'हो' म्हणण्याचं जोशींचं. ते मी काढून घेणार नाही.

रत्नागिरीहून कॉलेजातला एक विद्यार्थी लिहितो : आम्ही चौघं मित्र बँड करतो. बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या जॉर्ज मार्टिनबद्दल वाचलं. जोशी म्हणजे आपले जॉर्ज मार्टिन म्हणता येतील का?

बाळा, 'आपले अमुक' हा खेळ मला आवडत नाही. अलिबागला कोणी 'आपलं गोवा' म्हटलं की दोन्हीकडचे रागावतात.

पण दोघांत सारखं काय ते सांगतो. दोघे एकाच घरचे नोकर, कारण आपली ग्रामोफोन कंपनी, म्हणजे एच.एम.व्ही., तेव्हा लंडनच्या ई.एम.आय.चीच होती. मार्टिनही संगीत शिकलेला, ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारा. बीटल्सच्या रेकॉर्डी जगभर खपत होत्या तेव्हा त्याला मिळत होता नुसता पगार, रॉयल्टी नाही. वैतागून १९६५ मध्ये तो नोकरी सोडून बाहेर पडला, तरी बीटल्सचं काम त्याच्याचकडे राहिलं.

त्याचं काम ऐकायचं तर 'एलिनॉर रिग्बी' लाव. चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. बीटल्सपैकी एकानेही तिथे वाद्याला हात लावलेला नाही, ते फक्त गातात. मग 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'. बीटल्समधल्या जॉन लेननला एका टेकची, म्हणजे एका वेळच्या ध्वनिमुद्रणाची, सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींचा सूर वेगळा, लय वेगळी. मार्टिन आणि त्याचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमीजास्त करून दोन्ही एका सुरात आणले आणि जोडले. मिनिटभराने तो सांधा येतो. हेडफोन लावून शोध, आणि सापडला की चौघांपैकी कोणाला आधी सापडला ते मला कळव.

आणखी एक, तुझ्या वहीत लिहून ठेव. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही. स्टुडिओत आला होता. 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यं तिथे ध्वनिमुद्रित झाली, आवाज मागाहून लंडनला भरला. त्यातल्या बासरीवर हरिप्रसाद. म्हणजे वरच्या पत्रातला बासरीवाला आणि तुझा बीटल एका खोलीत बसले होते, रत्नागिरीपासून एका रात्रीच्या एस.टी.वर.

तुमच्या चौघांत मार्टिन कोण? मला पत्र लिहिलंस म्हणजे बहुधा तूच. मग तू वाजवणं थोडं कमी कर आणि ऐकणं वाढव. बाकीचे तिघे चिडतील.

वेंगुर्ल्याहून एक वाचक विचारतात : आजोबांच्या रेकॉर्डींवर पावसाळ्यात पांढरी बुरशी आली. स्पिरिटने पुसली तर एक रेकॉर्ड चिकट होऊन खराब झाली. का?

तुमची ती रेकॉर्ड ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, लाखेची. सुतार दरवाजाला पॉलिश करताना लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. तुम्ही आजोबांच्या रेकॉर्डीचं पॉलिश केलंत. उरलेल्या रेकॉर्डी ओल्या मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसा, लगेच कोरड्या करा, उभ्या ठेवा. आणि माळ्यावर सुक्या मासळीच्या डब्याशेजारी ठेवू नका. हसू नका, मी असं घर पाहिलं आहे.

गुहागरहून एक शिक्षिका लिहितात : माझे गुरुजी म्हणायचे, तीन मिनिटांच्या रेकॉर्डीने ख्याल मारला. तुम्ही तर रेकॉर्ड काढणाऱ्यांचे भक्त दिसता. उत्तर द्या.

बाई, गुरुजींचं निम्मं मान्य. दहा इंची ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल, बसत नाही. आलाप मिनिटभरात उरकायचा, दोन ताना, तिहाई, संपलं. कित्येक मोठ्या गवयांना हा अपमान वाटला, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पण ज्यांनी ते आव्हान घेतलं त्यांच्याकडेही बघा. आपल्याच किनारपट्टीवरच्या, गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची भैरवी 'जात कहां हो' साडेतीन मिनिटांचीच आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारतातर्फे हीच भैरवी आहे. साडेतीन मिनिटांत भैरवी पुरी होत नसेल, तर माझा कान अडाणी आहे. कोणती जागा ठेवायची आणि कोणती सोडायची हे घड्याळाने शिकवलं. शिष्यांनी मग त्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून जागा उचलल्या. गुरू ज्या जागा शिकवत नव्हता त्यासुद्धा. गुरुजींचा राग यावर तर नव्हता ना?

पुढे एल.पी. आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी अशी तबकडी ऐका. तिथे तक्रारीला जागा नाही.

मुंबईहून एक चाकरमानी (गाव कणकवली तालुक्यात) : यंदा चतुर्थीला गावच्या म्हाताऱ्या बुवांचं भजन मोबाइलवर नीट ध्वनिमुद्रित करायचं आहे. स्टुडिओला ते येणार नाहीत. काय करू?

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. यंदा कराच, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मोबाइल हार्मोनियमवर ठेवायचा नाही, भात्याची धडधड येते. बुवांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, छातीच्या उंचीला, पाटावर दुमडलेली चादर घालून ठेवा. विमान मोड लावा, नाहीतर गजराच्या ऐन भरात तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येईल. पंखा बंद. मखराची लुकलुकणारी माळ आवाज करत असेल तर तीही तेवढ्यापुरती. झांजवाले मागच्या ओळीत. पखवाज माजघराच्या दारात. त्याला काय कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझं कारण चाललं नव्हतं. मोदक वाटणाऱ्या वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अभंगाच्या मध्ये 'आणखी एक घ्या' ऐकू येतं. माझ्याकडच्या एका टेपवर ते आहे आणि आता त्या वहिनी नाहीत, म्हणून मी ते पुसत नाही.

आणि गजर संपला की लगेच बटण दाबू नका. झांजेचा नाद विरेपर्यंत, मनात दहा आकडे मोजून, मग थांबवा.