आधी भाता तपासा, लेन्स नंतर: फोल्डिंग कॅमेऱ्यांची प्रश्नोत्तरे

१२० रोलवर (कागदाच्या पाठीची रुंद फिल्म) चालणाऱ्या जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्यांविषयी बरीच पत्रं आली. यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये घड्यांची, प्रकाश अडवणारी पिशवी असते, तोच भाता. कुणाला घरच्या कपाटात सापडला आहे, कुणाला नव्याने घ्यायचा आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतो.

आजोबांचा आगफा आयसोलेट मिळाला. शटर चालतं, पण फोकसची रिंग हलत नाही. पकडीने फिरवू का? (सांगली)

पकड मुळीच लावू नका. आगफाने लेन्सच्या आट्यांत भरलेलं हिरवट ग्रीस वर्षानुवर्षं वाळून दगड होतं. आयसोलेटमध्ये फोकस करताना फक्त सर्वांत पुढचं भिंग आत-बाहेर होतं. जोर लावला की त्याच्याबरोबर मागचं भिंगही आपल्या आट्यांतून सुटू लागतं. रिंग फिरली म्हणून आपण खूश होतो आणि त्याच क्षणी लेन्सचा मूळ हिशेब बिघडलेला असतो. कॅमेरा असं काम करणाऱ्या कारागिराकडे द्या. तो ग्रीस विरघळवेल, हलकी उष्णता देईल आणि दोन्ही भिंगं वेगळी करून साफ करेल.

परत आल्यावर एक परीक्षा घरीच घ्या. कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडा, फिल्म ज्या रुळांवर टेकते तिथे घासलेली काच किंवा ताणलेला ट्रेसिंग पेपर चिकटवा, शटर बी वर (दाबून धराल तोवर उघडं राहणाऱ्या खुणेवर) उघडं ठेवा आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडा. रिंग अनंतावर असताना दूरचा डोंगर किंवा टॉवर कागदावर धारदार दिसला पाहिजे. दिसला नाही तर रिंगवरचे बारीक स्क्रू सैल करून ती पुन्हा बसवावी लागेल. आयसोलेटचा भाताही कोपऱ्यांत हमखास फुटलेला असतो, तो कसा बघायचा ते पुढच्या उत्तरात आहे.

पहिला फोल्डिंग कॅमेरा घ्यायचा आहे. सुपर आयकोन्टा, नेटार, बेसा, मॉस्क्वा यांत कोणता चांगला? टेसार लेन्स हवीच का? (पुणे)

नावापेक्षा समोरचा नग बघा. हे कॅमेरे साठ ते नव्वद वर्षांचे आहेत. इतक्या काळात कोण कसा वापरला गेला, यावरच सगळं ठरतं. सगळे लेन्सबद्दल विचारतात, भात्याबद्दल क्वचितच कुणी. खरं तर क्रम उलटा हवा.

खोलीत अंधार करा, पाठ उघडा, आत लहान टॉर्च घाला आणि भात्याच्या घड्यांचे कोपरे चारी बाजूंनी न्याहाळा. एक ठिपका चमकला तरी तिथून फिल्मवर प्रकाश पडणार. एखादं छिद्र काळ्या लवचीक रंगाने बुजवता येतं. बरीच असली तर भाता बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मग लेन्सची पाटी बोटाने हलकेच दाबा. ती डुगडुगत असेल किंवा बाजूने पाहताना फिल्मला समांतर नसेल, तर टेसार असूनही फोटोची एक कड मऊच येणार. तिसरं, शटर एक सेकंदावर लावून ऐका. कुरकुरत मध्येच थांबलं तर तेल घट्ट झालंय. साफसफाईने ते सहसा सुटतं. सेल्फ टायमरचा खटका मात्र तपासण्यासाठीही ओढू नका, जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळं शटर अडकतं.

आता लेन्स. झाइस आयकॉनच्या नेटारमध्ये तीन भिंगांची नोव्हार असते, महागड्या आयकोन्टांत बहुतेकदा चार भिंगांची टेसार. ॲपर्चर पूर्ण उघडं असताना कोपऱ्यांत फरक दिसतो. एफ ११ ला, म्हणजे ॲपर्चर बरंच लहान केल्यावर, साध्या आकाराच्या प्रिंटमध्ये तो शोधावा लागेल. (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान.) नवशिक्याने घट्ट बांधणीचा ६×६ चा (सेंटीमीटरमधलं निगेटिव्हचं माप) नेटार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. सुपर आयकोन्टाचा लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर (अंतरमापक) फार सुंदर चालतो, पण पूर्वी कुणी पुढचं भिंग काढून चुकीच्या दातावर बसवलं असेल तर तोच फसवतो. क्रास्नोगोर्स्कला १९५६ ते १९६० मध्ये बनलेला मॉस्क्वा-५ मोठं ६×९ चं निगेटिव्ह देतो, मात्र एवढा लांब भाता सरळ उभा राहणं जास्त कठीण असतं. तो हातात घेऊन बघितल्याशिवाय घेऊ नका.

रोल धुवून आणला. काही फोटो धारदार, काही पुसट. अंतर तर मी अंदाजाने नीट लावलं होतं. (ठाणे)

अंदाज चुकला तरी चालेल एवढी जागा आधीच ठेवा. ७५ मिमीच्या लेन्सवर एफ ११ ला रिंग दहा मीटरवर ठेवली, तर साधारण पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ १६ ला सात मीटरवर ठेवा, साडेतीन मीटरपासून पुढचं सगळं मिळेल. माणसाचा जवळून फोटो काढताना मात्र अंतर मोजाच, दोरी लावून मोजलं तरी हरकत नाही.

दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. भाता झटक्यात उघडला की आत हवा खेचली जाते आणि फिल्म जागेवरून पुढे ओढली जाते. म्हणून झाकणाला हाताचा आधार देऊन सावकाश उघडा आणि कॅमेरा उघडल्यानंतरच फिल्म पुढे सरकवा, म्हणजे ती ताणून सपाट बसते. फोटो काढल्याबरोबर फिल्म फिरवून ठेवायची सवय इथे नडते. अर्थात, फिरवलीय की नाही हे विसरलात तर एकावर एक फोटो येईल. तेव्हा उघडा, फिरवा, शटर चढवा (त्याची स्प्रिंग ताणा), काढा, मिटवा, हाच क्रम कायम ठेवा.

४०० ची फिल्म घातली, पण कॅमेऱ्याचा सर्वांत जास्त वेग १/२०० च आहे. एप्रिलच्या उन्हात काय करू? (नागपूर)

एफ २२ आणि १/२००. फोटो जास्त उजळला तरी निगेटिव्ह फिल्म ते सोसते. पुढच्या वेळी १०० किंवा १२५ ची (प्रकाशाला कमी संवेदनशील) घ्या: भर उन्हात एफ १६, १/१००. पाठीमागची लाल खिडकी फिल्म फिरवतानाच उघडा, तीही सावलीत. ती खिडकी ज्या फिल्मसाठी योजली होती तिला लाल प्रकाश दिसत नसे, आजच्या फिल्मला दिसतो.

आजीच्या कोडॅक सिक्स-२० मध्ये १२० चा रोल बसत नाही. (रत्नागिरी)

त्याला ६२० चा रोल लागतो. कोडॅकने तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला आणि १९९५ मध्ये बंद केला. फिल्मची रुंदी १२० एवढीच, फक्त रीळ बारीक. तेव्हा कॅमेऱ्यातलं जुनं रीळ जपा, आणखी एक मिळवा आणि गच्च अंधारात १२० चा रोल आधी दुसऱ्या रिळावर, मग तिथून ६२० च्या रिळावर गुंडाळा. दोनदा गुंडाळल्यानेच सुरुवातीचं टोक पुन्हा वर येतं. फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते, त्यामुळे गुंडाळताना तिथे फुगा येईल. पट्टी सोडवून, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवा. एक रोल वाया घालवून हे उजेडात शिका.

आणि तुमच्याकडे कोकणचा पावसाळा आहे. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर बुरशी धरते. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, शटर न चढवता ठेवा आणि जेल गुलाबी पडलं की तापवून वाळवा.