देणगी, दायित्व की उत्तरदायित्व?

गुहागर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: आमच्या शाळेच्या दोन खोल्या एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजाच्या कामांसाठी करतात त्या खर्चातून, झाल्या. फलकावर 'कंपनीच्या देणगीतून' लिहावं की 'सामाजिक दायित्व निधीतून'? काही कागदांत 'उत्तरदायित्व' असतं, ते वेगळं का?

सर, 'देणगी' लिहू नका. 'सौजन्याने' तर मुळीच नको.

गणपतीला गावी आलेला चाकरमानी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी पावती फाडतो, ती देणगी. त्याने नसती दिली तरी कोणी वसुलीला गेलं नसतं. वाण्याच्या वहीत आपल्या नावावर राहतं ते देणं. धातू एकच, पण एक खुशीचं आणि दुसरं चुकवायचंच. 'समाजाचं देणं लागतो' असं आपण म्हणतो, 'देणगी लागतो' असं कोणी म्हणत नाही.

कंपनी कायदा, २०१३ चं कलम १३५ हे देण्याच्या बाजूचं आहे. नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं, तरी त्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के अशा कामांवर खर्चायचे असतात.

आता 'उत्तरदायित्व'. फलदायी, सुखदायी यांतला 'दायी' म्हणजे देणारा. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. 'जबाबदार' हा त्याचा फारसी वळणाचा भाऊ, आणि 'जाब विचारणे' त्याच घरातलं. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. २०१४ मध्ये हे कलम लागू झालं तेव्हा पैसे खर्च झाले नाहीत तर संचालकांच्या अहवालात कारण दिलं की भागत असे. ते नेमकं उत्तरदायित्व होतं. जानेवारी २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावीच लागते. म्हणजे नुसतं उत्तर पुरत नाही. ताळेबंदात 'मत्ता आणि दायित्वे' लिहितात, तिथे दायित्व म्हणजे चुकवायचंच देणं; त्या अर्थाने हे आता दायित्व झालं. म्हणून तुमच्या फलकावर तोच शब्द योग्य.

आपल्या किनाऱ्यावर हा फरक जपायलाच हवा. खाडीकाठच्या कारखान्याने स्वतःचं सांडपाणी शुद्ध करून सोडणं हे सामाजिक दायित्वात मोजता येत नाही. दुसऱ्या कायद्याने जे करावंच लागतं ते या खर्चात धरायचं नाही, असं नियमच सांगतात. खाडीत मासे मेले तर शाळेच्या खोल्या दाखवून तो जाब टळत नाही. तिथे शब्द हवा 'जबाबदारी', आणि तो मासेमारी करणाऱ्यांनी हक्काने वापरावा.

फलकाचा मजकूर असा करा: कंपनीचं नाव, 'सामाजिक दायित्व निधीतून', आर्थिक वर्ष आणि रक्कम. मंजूर प्रकल्प कंपनीला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, त्यामुळे गावातल्या कुणालाही तुमचं काम तिथे शोधून पाहता येईल.