लॅपटॉपवर क्वांटम शिकून मुलाचं पुढे काय होणार?

नेरुळच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. क्वांटम कॉम्प्युटरचं काम साध्या कॉम्प्युटरवर करून पाहण्याचा, म्हणजे सिम्युलेशनचा, त्याला नाद लागलाय. वडील म्हणतात, खरी मशीन आली की हे कोण विचारणार? शिवाय त्याला भरमसाट फीचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स करायचा आहे.

ताई, नमस्कार.

त्याच्या बाबांची काळजी रास्त आहे, पण खरी मशीन आल्यावर सिम्युलेशनची गरज उलट वाढते. 2019 मध्ये गूगलने 53 क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधलं माहितीचं सर्वात छोटं एकक) सायकामोर या क्वांटम चिपवर 200 सेकंदांत एक गणित केलं आणि सुपरकॉम्प्युटरला त्यासाठी 10,000 वर्षं लागतील असं सांगितलं. आयबीएम लगेच म्हणाली, अडीच दिवस पुरतील. काही वर्षांत चिनी संशोधकांनी टेन्सर नेटवर्क ही मोठं गणित तुकड्यांत सोडवायची पद्धत वापरून 512 जीपीयूंवर (एकाच वेळी खूप आकडेमोड करणाऱ्या चिपवर) ते साधारण 15 तासांत उरकलं. क्वांटम मशीनचा दावा तोलायला सिम्युलेशन जाणणारा माणूस लागतोच.

क्युबिटवरच्या एकेका मूलभूत क्रियेला गेट म्हणतात आणि गेटच्या मालिकेला सर्किट. सगळीच सर्किट सारखी अवघडही नसतात. हॅडमार्ड, फेज आणि सी-नॉट एवढीच गेट असतील तर हजारो क्युबिटचं सर्किटही साध्या लॅपटॉपवर चालतं. गॉट्समन-निल प्रमेय म्हणतात ते हेच, 1998 चं. क्वांटम मशीनच्या चुका दुरुस्त करण्याच्या पद्धती मुख्यतः याच गेटवर उभ्या आहेत, म्हणून त्यांची चाचणी आजही साध्या कॉम्प्युटरवर होते. त्यात टी-गेट नावाची वेगळी गेट वाढत गेली की मात्र गणित झपाट्याने हाताबाहेर जातं. ही सीमा नेमकी कुठे, हे शोधणं मला फार मोलाचं काम वाटतं.

आता त्याची आवड किती खोल आहे ते पाहू. कोणतीही तयार लायब्ररी न घेता त्याने सी++ मध्ये स्वतःचा छोटा सिम्युलेटर लिहावा. 20 क्युबिट सहज चालतील. पुढे दर क्युबिटला मेमरी दुप्पट. 30 ला 16 जीबी, 50 ला दीड कोटी जीबीहून जास्त. लॅपटॉप अडला की तो काय करतो, याकडे लक्ष ठेवा. गेटचा क्रम बदलून, सर्किटचे तुकडे पाडून वाट काढत बसला, तर मुलगा या कामाचा आहे. नुसतं क्लाउडवर बटण दाबून समाधान झालं, तर छंद म्हणून ठीक.

डिग्री सोडू नये, हे निक्षून सांगते. लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित, पक्कं करावं. तिथे कच्चा राहिला तर पुढचं सगळं पाठांतर होतं. निव्वळ क्वांटमच्या नोकऱ्या आज मोजक्याच आहेत आणि बहुतेक एमटेक-पीएचडीनंतरच्या. 2023 मध्ये केंद्राने 6,003.65 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, त्याचं कॉम्प्युटिंगचं केंद्र बंगळुरूच्या आयआयएससीत आहे, तर पवईच्या आयआयटीत सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मोजमापाचं. त्यामुळे घर सोडायची तयारी हवी. आणि समजा नाहीच जमलं, तरी सी++, जीपीयू आणि पॅरलल प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलाला ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतही किंमत आहे.

सर्टिफिकेटला पैसे घालू नका, आयआयटी-आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर क्वांटमचे चांगले कोर्स फुकट बघता येतात. लॅपटॉपची रॅम वाढवून द्यायची असेल तर 32 जीबी पुरे; त्यापुढे एकेका क्युबिटसाठी दुप्पट मेमरी विकत घेण्यात अर्थ नाही.