आईची कंबर आणि बोर्डावरची चार नावं

भाऊ, तुम्ही विचारलंत की कापूस वेचून वेचून आईची (वय ५८) कंबर धरते, आणि यवतमाळच्या एका मालिश सेंटरच्या बोर्डावर अभ्यंग, स्वीडिश, डीप टिश्यू, थाई असं लिहिलंय, त्यातलं कोणतं घ्यावं. बोर्ड राहू द्या बाजूला. आधी आईला विचारा, दुखतं नेमकं कुठं.

वेचलेला कापूस ठेवायला पोटाशी ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या बाईचं दुखणं बहुधा मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत असतं. दाबलं की "हं, इथंच" म्हणते, शेकलं की उतरतं. अशा दुखण्याला मालिश चालते. पण कळ कुल्ल्यातून पावलापर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, चप्पल पायातून सुटली तरी कळत नसेल, तर आधी डॉक्टर. लघवी अडली किंवा झालेली कळेना, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला कोणाला हात लावू देऊ नका. आत रक्ताची गाठ असली तर चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मी हे शिकलो ते पऱ्हाटी उपटताना कंबर धरली तेव्हा. एका नस बसवणाऱ्यानं पालथं पाडून पाठीवर ढोपर दिलं. कडकन वाजलं. जमलेले म्हणाले, बसली! मी नऊ दिवस बाजेवर. तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होण्याचा असतो, काही जागेवर बसल्याचा नाही, हे नंतर कळलं.

आता तुमचा बोर्ड. डीप टिश्यू म्हणजे कोपरानं, अंगठ्यानं सावकाश खोलवर दाबणं. जुन्या आखडलेल्या खांद्याला बरं, पण हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नको. थाईत तेल नाही, कपडे अंगावरच राहतात, म्हणून लाजणाऱ्या बायांना सोयीचं वाटतं. पण त्यात अंग ताणतात, पिळतात, धरलेल्या कमरेला ते झेपत नाही. स्वीडिशमध्ये लांब हात फिरवतात, कणिक तिंबल्यासारखं मळतात. अभ्यंगात कोमट तेल भरपूर, जोर कमी. तुमच्या आईला मी अभ्यंग सांगेन, नाहीतर हलक्या हाताचं स्वीडिश. हात लावणारी बाईच हवी, हे फोनवरच ठरवा.

खरं म्हणजे त्यासाठी यवतमाळ गाठायलाच हवं असंही नाही. घरी तिळाचं तेल वाटीत घेऊन ती गरम पाण्यात ठेवा, कमरेपासून वर खांद्याकडे दहा-पंधरा मिनिटं तळहातानं चोळा, मणक्याच्या हाडावर जोर नको. रात्री तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासले तर झोप छान लागते. तूप काळं पडतं ते धातूमुळे, "उष्णता निघाली" म्हणणाऱ्यांना म्हणू द्या.

सेंटरला गेलातच तर पहिल्यांदा अर्धाच तास घ्या, आणि त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लगेच वावरात पाठवू नका. आमच्या घरी तीच चूक झाली. सकाळी मालिश, दुपारी भरलेली ओटी पोटाशी, संध्याकाळी कंबर पुन्हा तिथंच. तेव्हापासून ओटी अर्धी भरली की धुऱ्यावर रिती करायची, असं ठरवलंय.