नुसती गिटार, नुसता गळा

तुझी तीनही गाणी ऐकली. चाली गोड आहेत, पण तबला, कीबोर्ड, वर कोरस... शब्दच सापडेनात रे! एकदा नुसत्या गिटारवर गाऊन बघ. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा 'नेब्रास्का' अल्बम ऐक. घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेलं कच्चं काम. पुढे बँडसोबतही गाणी वाजवून पाहिली, पण शेवटी अल्बम निघाला तो त्या कॅसेटचाच. कुणीतरी शेजारी बसून आपल्यालाच सांगतंय असं वाटतं, तिथेच माणूस अडकतो.

तू सोलापूरच्या पूर्व भागात राहतोस, म्हणजे दिवसभर यंत्रमागांची खडखड. माग बंद असतील तेव्हाच रेकॉर्ड कर. फोम विकत घेऊ नकोस. जाड सोलापुरी चादरी भिंतीपासून वीतभर पुढे टांग, खोलीचा घुमारा बराच मरतो. (आईला विचारून. मी विचारलं नव्हतं.) माइक गिटारच्या भोकासमोर नको, तिथे नुसतं घुमतं, बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरची बारावी पट्टी) ठेव, वीतभर लांब. पंखा बंद. मे महिन्यात जीव जाईल, ताराही उतरतील. दर टेकआधी सूर लावून घे.

श्वास ऐकू आला तर कापू नकोस. बेसूर झालं तर मात्र पुन्हा गा, साधेपणाच्या नावाखाली ते खपत नाही.