बहात्तरच्या दुष्काळात कुणी जीव दिला नाही, मग आताच का?

"मॅडम, बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. आई-बाप खडी फोडायला जायचे. पण आमच्या गावात एकानं जीव दिला नाही. आता ह्या पोरांना बसल्या जागी ताट मिळतं, तरी पेपरात रोज एक बातमी. एवढी कशी नाजूक झाली पोरं?"

समोर बसलेले काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गाव बार्शी तालुक्यातलं. रात्रीच्या गाडीनं स्वारगेटला उतरून थेट माझ्याकडे, समुपदेशनाच्या खोलीत आले होते, पिशवी अजून खांद्यालाच होती. बाहेरच्या बाकावर त्यांचा मुलगा बसलेला, वय २९. त्याला आपण दीपक म्हणू. नाव आणि ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत, आणि हे लिहायला त्या घराची परवानगी घेतली आहे.

काकांचा हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. कधी कॉलेजातल्या पालकसभेत, कधी सोसायटीच्या कार्यक्रमात, कधी मुलाला घेऊन आलेल्या आईकडून. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

काकांना, म्हणजे आपल्या अण्णांना, बोलावून घेतलं होतं दीपकच्या ताईनं. ती धायरीला राहते, एका मेडिकलच्या दुकानात काम करते. एकाच आठवड्यात तिच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. दीपकनं अभ्यासिकेतली स्वतःची सगळी पुस्तकं एका ज्युनिअर मुलाला देऊन टाकली. आणि मग एका बुधवारी, काही काम नसताना, तो तिच्या घरी आला, दोन दिवाळ्यांपूर्वी घेतलेले हजार रुपये तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "अण्णांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात, तेवढं बघत जा." ती म्हणाली, "मॅडम, बोलणं साधंच होतं. पण माझ्या पोटात गोळा आला." तिनं त्या रात्री त्याला खोलीवर परत जाऊ दिलं नाही. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं काम कुणी केलं असेल तर तिनं. मी नंतर आले.

दीपक सात वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होता. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, परत अभ्यासिका. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिलेली; एकदा तीन मार्कांनी मुलाखत हुकली. मधल्या काळात परीक्षा पुढे गेल्या, निकाल रखडले, वय वाढत गेलं. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. तरी गावी फोनवर तो दर वेळी "यंदा नक्की" म्हणायचा. तीन वर्षं तो जत्रेला गेला नव्हता, चुलतभावाच्या लग्नालाही नाही. त्या महिन्यात गावातला त्याच्याच वर्गातला मुलगा पीएसआय झाला. एस.टी. स्टँडवर फ्लेक्स लागला, मिरवणूक निघाली. फ्लेक्सची वर्गणी देणाऱ्यांत काकांचंही नाव होतं. दीपकनं ते व्हॉट्सॲप स्टेटसला पाहिलं.

तो एकटा माझ्यासमोर बसला तेव्हा मी त्याला थेट विचारलं, "दीपक, जीव संपवावा असं मनात येतं का?"

हे मी याच शब्दांत विचारते. "काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" असं विचारलं की समोरचा "नाही" म्हणून मोकळा होतो, कारण आपल्याला "नाही"च ऐकायचंय हे त्याला त्या प्रश्नातच कळतं. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. यावर पुष्कळ संशोधन झालंय आणि माझाही अनुभव तोच आहे. विचार आधीपासून असतो, फक्त तो एकट्यानं वाहायचं थांबतं.

दीपक बराच वेळ दाराकडे बघत राहिला. मग त्यानं मला उलट विचारलं, "अण्णांना सांगणार का?"

मी त्याला खरं ते सांगितलं. इथलं बोलणं इथंच राहतं, पण जिवाला धोका असेल तर मला एका माणसाला सोबत घ्यावं लागतं. ते माणूस कोण, हे तू ठरव. त्यानं ताईचं नाव घेतलं. मग सॅकमधून एक दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली.

ती हिशोबाची वही होती. तारीख, रक्कम, कुणाकडून. अण्णा ३,०००. अण्णा ४,५००. ताई १,०००. मेस, खोलीभाडं, फॉर्मची फी, टेस्ट सिरीज. सात वर्षांचा एकेक रुपया, बारीक नीटस अक्षरात. शेवटच्या पानावर बेरीज: ७,८४,३५०. तिच्याखाली एकच ओळ. "एवढ्यात घराचा स्लॅब झाला असता."

"माझ्यामुळं स्लॅब थांबलाय, मॅडम," तो म्हणाला. "मी नसतो तर त्यांचं आत्तापर्यंत घर झालं असतं."

आपल्याकडे आईबाप फार अभिमानानं सांगतात, पोटाला चिमटा काढून शिकवलं. त्यात खोटं काही नसतं, प्रेमही असतं. पण यश मिळत नाही तेव्हा मुलाच्या कानात त्या वाक्याचं कर्ज होतं, आणि ते कर्ज फेडण्याचा एकच रस्ता मन त्याला दाखवत राहतं. "मी ओझं झालोय" हे शब्द मी ऐकते तेव्हा सावध होते. हा त्या माणसाचा स्वभाव नसतो. ही धोक्याची खूण असते.

आता काकांचा प्रश्न.

मी त्यांना म्हटलं, "काका, बहात्तरला तुम्ही आठ-नऊ वर्षांचे असाल. खडी फोडायला कोण कोण जायचं?"

"सगळं गाव. पाटलाच्या घरची माणसंसुद्धा."

"मिलोची भाकरी कुणाच्या घरात नव्हती?"

ते थोडे थांबले. "सगळ्यांच्याच घरात होती. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची, रांगेत सगळीच पोरं असायची."

"म्हणजे कुणाला कुणापासून काही लपवायचं नव्हतं."

मला त्यांना सांगायचं होतं ते एवढंच. दुष्काळ गावाचा होता. पाझर तलावाच्या कामावर शेजारीण शेजारणीच्या पाटीला हात लावत होती, आणि उपाशी असण्यात कुणाची अब्रू जात नव्हती. दीपकचा दुष्काळ मात्र त्याच्या एकट्याचा होता. शेजारच्या कॉटवरच्या मुलाचंही तेच चाललेलं असतं, पण दोघंही एकमेकांना "तयारी जोरात आहे" असंच सांगतात. माणूस भुकेपेक्षा तोंड लपवण्यानं जास्त खचतो, हे मी या खोलीत १७ वर्षं पाहते आहे.

आणखी एक गोष्ट मी काकांना सांगितली. 'पूर्वी असं नव्हतंच' हेही पुरतं खरं नाही. त्या काळी कितीतरी मृत्यू अपघात म्हणून मिटवले गेले, सुनांचे तर विशेष. त्यावर काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. त्यांना कुणीतरी आठवलं असावं.

तरीही प्रमाण वाढलं आहे, हे मान्यच करायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत २०१७ साली देशात लाखामागे ९.९ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२२ साली हा दर १२.४ झाला. त्या एका वर्षात १,७०,९२४ माणसं गेली आणि त्यांतली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. बातम्या वाचून वाटतं की यात बहुतेक विद्यार्थीच असतील. पण परीक्षेतलं अपयश हे कारण सुमारे सव्वा टक्का नोंदींतच आहे. सर्वांत वर आहेत कौटुंबिक समस्या, ३१.७ टक्के, आणि त्यानंतर आजारपण, १८.४ टक्के. मरणाऱ्या दर दहांत सात पुरुष, आणि व्यवसायांत सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा, एक चतुर्थांशाहून जास्त.

या कारणांच्या रकान्याकडे मी जरा जपूनच पाहते. पोलिसांना एकच कारण लिहावं लागतं; माणूस एका कारणानं इथवर येत नाही. नैराश्याचा आजार असतो, दारू असते, हप्ते असतात, आणि त्यावर गावाची, भावकीची नजर असते. दीपकचं मरण 'परीक्षा' म्हणून नोंदलं गेलं असतं. त्यात स्लॅब कुठे आला असता? फ्लेक्स कुठे आला असता? नोकरी नाही म्हणून दोनदा मोडलेली सोयरीक कुठे आली असती? आज खेडोपाडी तिशी ओलांडलेल्या मुलांना स्थळं मिळत नाहीत, आणि चावडीवर त्यांची चेष्टा होते. ती चेष्टा करणाऱ्यांना आपण काय करतोय याची जाणीवही नसते.

पुरुषांबद्दल मला विशेष कळकळीनं सांगायचंय. हिंजवडीत चांगल्या पगारावर असलेला, नोकरी गेलेली घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस माझ्याकडे आला आहे. त्याची बायकोही आली आहे, आणि ती मला म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर मी फ्लॅट विकला असता." त्याला मात्र खात्री होती की हे कळलं तर तिच्या मनातून आपण उतरू. बायकांचं दुखणं वेगळं. सासरी छळ सोसणाऱ्या मुलीला माहेरचे प्रेमानं समजावून परत पाठवतात. "दिल्या घरी" राहायचं हे तिच्या मनावर इतकं बिंबवलेलं असतं की परतीचा रस्ता तिला दिसतच नाही. माझी पालकांना हात जोडून विनंती आहे, मुलीला एकदा तरी मोठ्यानं सांगा की तुझी खोली इथं आहे.

पहिल्या भेटीच्या दिवशीच दीपकला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नैराश्य बरंच खोल होतं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यात माणूस "काही उपयोग नाही" म्हणून त्या सोडतो, म्हणून पहिला महिना तो ताईकडेच राहील असं ठरवलं. घरातली औषधं ताईनं कुलपात ठेवली. गावी शेतीची औषधं काकांनी कुलूपबंद केली. एका कागदावर दीपकनं स्वतःच्या हातानं लिहिलं: विचार दाटून आले की आधी काय करायचं, मग कुणाला फोन लावायचा, तो लागला नाही तर कुणाला. त्यात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक होता. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

काकांनी जाताना हळूच विचारलं, "पोलीस केस तर होणार नाही ना?" या भीतीपायी किती घरं दवाखाना टाळतात! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं हे स्पष्ट केलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. जुन्या दंडविधानातलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. आणि दीपकनं तर प्रयत्नही केलेला नव्हता. तो फक्त बोलला होता.

चौथ्या भेटीत बापलेक एकत्र बसले. वही वडिलांना दाखवायचं दीपकनं आपणहून ठरवलं होतं. काकांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मला वाटलं, ते रडतील. ते बोट लावून एकेक ओळ तपासत गेले, जन्मभर वे-बिल तपासली तशी. दहा-बारा मिनिटं खोलीत नुसता पानांचा आवाज.

"मार्चचे तीन हजार दोनदा धरलेस," ते म्हणाले.

दीपकनं वाकून पाहिलं. खरंच दोनदा धरले होते.

मग काकांनी वही उलटसुलट केली. "आणि जमा बाजू कुठंय?"

"कसली जमा, अण्णा?"

"कोरोनात आलास तेव्हा आठ महिने शेत कुणी केलं? टोमॅटो मोटारसायकलवर बार्शीला कोण नेत होतं? आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा रात्री दवाखान्यात कोण झोपलं? असा हिशोब डेपोत दिला असता तर मला सस्पेंड केलं असतं." मग त्यांचा आवाज फुटला. "स्लॅब माझा मी बघीन. तुला कुणी मागितला होता?"

ती वही आता काकांकडे आहे.

दीपक अजून गोळ्या घेतो. सध्या नऱ्ह्याला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशोबाचं काम करतो. परीक्षेचं पुढे काय करायचं ते त्यानं ठरवलेलं नाही, आणि मीही घाई करत नाही. गावी जातो, पण स्टँडवर उतरत नाही. स्टँडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून शेतातल्या वाटेनं घरी जातो. गेल्या वेळी उतरला तर काका मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे होते. स्टँडवर का उतरला नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "बस मागं," आणि गाडी शेतातल्या वाटेला घातली.